डावा खांदा अर्धा इंच उतरता

ती. सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे बसल्या जागीच घातला आहे, पोचला असं समज). तुझी तब्येत बरी असेल, भावजींच्या कानातलं यंत्र चालत असेल, आणि तुझा चष्मा हरवणं व तो तुझ्याच डोक्यावर सापडणं नेमाने सुरू असेल, अशी आशा आहे. माझ्याविषयी म्हणशील तर मी मजेत आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेले नऊ दिवस मी नुसती जळते आहे. ताप नाही, डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही. मला तुझा हेवा वाटतो आहे, ताई, आणि तोही अशा गोष्टीपायी, जी तू केलेलीच नाहीस.

हेवा मला नवा नाही, हे तुला माहीत आहे. आपल्या घरात उंची तुला मिळाली, केस तुला मिळाले, गाता गळाही तुलाच मिळाला, आणि मला मिळाले तुझे कपडे. तुझा फ्रॉक दोन वर्षं वापरून झाला की माझ्याकडे यायचा आणि माझ्या पायांत घोळायचा. आई म्हणायची, वाढत्या अंगाची आहे, होईल बरोबर. मी काही वाढले नाही. शेवटी नवव्या वर्षी मी कात्री हातात घेतली आणि तुझा हिरवा फ्रॉक गुडघ्यापर्यंत आणला (तो फ्रॉक तू अजून वापरत होतीस हे मला नंतर कळलं. गालावर उठलेली तुझी पाच बोटं मी विसरलेली नाही). माझ्या धंद्याची सुरुवात ती. आज दुकानाच्या पाटीवर ‘आखूड करून, सैल करून, चेन बदलून मिळेल’ असं लिहिलं आहे. त्यात ‘आखूड’ पहिलं का, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगूनही कळायचं नाही.

हे पत्र चिंध्याविषयी आहे. आता तू पत्राची घडी घातली असशील. उलगड. चार वर्षं मी त्याचा विषय काढला की तू उत्तरात आईच्या लोखंडी पेटीच्या किल्लीची चौकशी करतेस (किल्ली माझ्याकडे नाही, शपथेवर सांगते). अगं, तो तुझा मुलगा आहे, पेटीची किल्ली नव्हे. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आला की दुकानातल्या कपड्याच्या तुकड्यांच्या ढिगावर झोपायचा, म्हणून मीच त्याचं नाव चिंध्या पाडलं, आणि तू त्याबद्दल माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. अबोला तुला पहिल्यापासून छान जमतो. चार वर्षांपूर्वी त्याने तुझ्यासमोर उभं राहून सांगितलं, की मला एक पुरुष आवडतो आणि मी त्याच्याबरोबर संसार करणार आहे, तेव्हाही तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. आत गेलीस, त्याचा डबा घासूनपुसून आणलास आणि पाहुण्याच्या हातात द्यावा तसा त्याच्या हातात दिलास. हे त्यानेच मला सांगितलं. डबा अजून त्याच्याकडे आहे. त्यात तो बटणं ठेवतो.

त्या दुसऱ्या माणसाला तू पाहिलेलं नाहीस, म्हणून ओळख करून देते. मी त्याला काजबहाद्दर म्हणते (तोंडावर नाही). पाच वर्षांपूर्वी तो माझ्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून आला होता. कोटाचं एक काज उसवलं होतं. मी म्हटलं, ठेवून जा, परवा मिळेल. तर हा उंचच उंच, शांत, चष्मेवाला इसम म्हणतो कसा, की तुमची हरकत नसेल तर सुई द्या, मीच करतो. माझ्या दुकानात! माझ्या स्टुलावर बसून! आणि ताई, ते काज त्याने असं केलं, की मी तीस वर्षं काजं करते आहे, पण त्या दिवशी संध्याकाळी मी माझी काजं असलेले सगळे कपडे फळीवरून उतरवून भिंतीकडे तोंड करून टांगली. चिंध्या तेव्हा माझ्याकडे कामाला होता. तो त्या काजाकडे बघत होता, असं मला वाटलं. तो काजाकडे बघत नव्हता, हे मला सहा महिन्यांनी कळलं. म्हणजे हे जुळलं ते माझ्या दुकानात, माझ्या सुईने, माझ्या दोऱ्याने, आणि मध्यस्थ म्हणून मला कुणी साधी साखरसुद्धा दिली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी दोघांनी स्वतःचं दुकान काढलं. माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, जिथे पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे बसायचे. पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये पडदा. स्वतःचा छाप, स्वतःचं लेबल, शर्ट, जाकिटं, पायजमे, कोट. बाईचा वेगळा, बुवाचा वेगळा असं काही नाही. तुमची मापं द्या, तुम्हाला बसेल असं शिवतो, एवढंच. प्रत्येक शर्टाच्या कफाला बोटभर रुंदीची सहा रंगांची पट्टी. दारावर पाटी, की हे दुकान आम्हा दोघांचं आहे आणि बाराही महिने उघडं असतं. ते सगळं चांगलंच होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी शिकवलेल्या पोराने माझं दुकान सोडून जावं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगली काजं करणाऱ्या माणसाबरोबर! मी चारचौघांसमोर सांगून टाकलं, की तुझ्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. तो म्हणाला, “मावशी, पायरी नाहीच आहे. सपाट आहे.” सपाट तर सपाट, शब्द दिला तो दिला. (हट्ट आपल्या घरात उंचीसारखा एकटीला मिळालेला नाही. तो दोघींना सारखा वाटून आला आहे.)

आता जूनचं ऐक. जून हा त्या सगळ्यांच्या अभिमानाचा महिना असतो. म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आणि बाकीचे सगळे. चिंध्याने मला ती एलजीबीटीक्यू अक्षरं एकदा पाठ करायला लावली होती, मी अजून शेवटच्या अक्षराला अडखळते. गेल्या जूनमध्ये त्या दुकानापुढे जी रांग लागली, ती मी भाजी आणायच्या निमित्ताने रोज चार वेळा पाहिली (तो महिनाभर माझ्या घरात भाजी इतकी, की शेवटी शेजारणीला वाटावी लागली). बँकेच्या मॅनेजरीणबाई आल्या, हेडमास्तर आले, दाताचे डॉक्टर सहकुटुंब आले. जो तो शर्ट घेतो, कफ पुढे करून फोटो काढतो, चिंध्याच्या खांद्यावर हात टाकतो आणि आम्ही तुमच्या पाठीशी आहोत म्हणतो. कोपऱ्यावरच्या तीनमजली कपड्यांच्या दुकानानेही काचेत सप्तरंगी बनियन टांगले. माझ्या दुकानात त्या महिन्यात आल्या दोन चेनी आणि एक फाटकी छत्री. छत्री मी दुरुस्तही करत नाही. हे सगळं पाहून माझ्या पोटात जे दुखलं, ते तुला काय सांगू.

आणि मग जुलै लागला. दोन तारखेला मॅनेजरीणबाई माझ्या दुकानात हजर. हातात तोच शर्ट. म्हणाल्या, शर्ट फार छान बसतो हो, फक्त कफावरची ही पट्टी तेवढी काढून द्या, एरवी ऑफिसात बरी दिसत नाही. पाठोपाठ हेडमास्तर. मग दातांचे डॉक्टर, त्यांचे चार शर्ट. पंधरवड्यात चौदा शर्ट आले, ताई, आणि सगळ्यांना तीच एक गोष्ट उसवून हवी होती. माझा जुलै इतका भरभराटीचा कधी गेला नव्हता. जूनमध्ये त्यांच्याकडे रांग लावणारे लोक जुलैत माझ्याकडे आले, मला तर आनंदाने नाचायला हवं होतं. पण तू कधी दुसऱ्याचं चांगलं काम उसवलं आहेस का? चिंध्याचे टाके इतके बारीक, की एकेका पट्टीला अर्धा तास लागत होता. टाका तोडताना मला तो टाका मीच शिकवल्याचं आठवत होतं. मी गिऱ्हाइकांना काही बोलले नाही (धंदा आहे). पट्ट्या मात्र टाकल्या नाहीत, चौदाच्या चौदा माझ्या निळ्या खडूच्या डब्यात ठेवल्या. आणि चौदावी पट्टी उसवली त्या संध्याकाळी पुन्हा भाजीच्या निमित्ताने गेले, तर दुकान उघडं, दिवा चालू, आणि आत चिरंजीव मापाची टेप बोटाला गुंडाळतायत आणि सोडतायत, गुंडाळतायत आणि सोडतायत. गिऱ्हाईक एक नाही. मागच्या खोलीतून काजबहाद्दरच्या मशीनचा आवाजही येत नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, की पाठीशी राहायचं तर असं जुलैत राहायचं. नोव्हेंबरातल्या एखाद्या रटाळ मंगळवारी राहायचं. फोटो नाही, भाषण नाही, दर महिन्याला एक कपडा घ्यायचा. (यात थोडा आणखी एक हेतू होता. कपडा घरी आणून उसवून बघायचा, की हा माणूस काज नक्की करतो कसं.) पण पायरी चढणार नाही म्हटलेलं. म्हणून मी टपालवाल्या बाईंना गाठलं. पत्रं वाटायला त्या त्यांच्याकडे रोज जातातच. मी म्हटलं, त्यांच्या दुकानाचा छापील फॉर्म आणा, मी सांगते तशी मापं भरा, म्हणजे माझं अक्षर ओळखणार नाहीत, आणि नाव विचारलं तर सांगा की गिऱ्हाइकाची नाव सांगायची इच्छा नाही. बाई तयार झाल्या. फॉर्ममध्ये नऊ मापं होती. इथे माझी पंचाईत झाली. माझी स्वतःची मापं दिली तर चिंध्या एका नजरेत ओळखणार. मनाने काहीतरी ठोकून देणं मला जमत नाही, धंद्याचा धर्म आहे. तर जी मापं झोपेतसुद्धा मला म्हणता येतात, ती आपोआप तोंडून बाहेर पडली. तुझी. आयुष्यभर तुझंच आखूड करत आले, तुझी नाही तर कुणाची येणार? छाती, कंबर, बाही, उंची, सगळं धडाधड सांगितलं. आणि शेवटी फॉर्मवर ‘विशेष काही’ असा रकाना होता. तिथे गप्प बसायला हवं होतं. पण खांद्याला चूक बसलेला कपडा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला राहवलं नाही. मी सांगितलं, लिहा: डावा खांदा अर्धा इंच उतरता.

पहिला शर्ट आला तो साधाच होता. चांगला, पण साधा. मी उसवला, पाहिला, जळले, पुन्हा शिवला, पेटीत ठेवला. (पेटी म्हणजे तीच. किल्ली सापडली होती. वर शपथ घेतली ती खोटी.) पुढच्या महिन्यात जाकीट आलं, त्याचं अस्तर आकाशी. मी म्हटलं, वा, रंग बरा निवडला. तिसऱ्या महिन्यात पायजम्याला खिशाच्या आत एक लहान खिसा, मऊ कापडाचा, चष्मा ठेवायला. चौथ्यात कॉलर मानेला टोचू नये म्हणून आतून रेशमाची पट्टी. दर महिन्याला काही ना काही जास्तीचं, न मागितलेलं, कुणाला दिसणार नाही अशा जागी केलेलं. आता माझा मूर्खपणा बघ. मला वाटलं, यांनी ओळखलं! नाव लपवलं तरी आपली मावशीच घेते आहे हे पोरांना कळलंय, आणि ती मला न बोलता मान देतायत. मी हिवाळाभर गुणगुणत काम केलं. टपालवाल्या बाईंनी विचारलंसुद्धा, की तुमचं काही जमलंय का कुठे. मी लाजले, ताई. या वयात. आता मला चष्मा नाही, आकाशी रंग मला आवडत नाही, आणि माझी मान तर कॉलरीपर्यंत पोचतही नाही, हे मला एकदाही खटकलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी दुपारी चिंध्या माझ्या दुकानात आला. दोन वर्षांनी. मी एका पँटीला खालून टाचण्या लावत होते आणि सात टाचण्या माझ्या तोंडात होत्या. तो आपल्या जुन्या स्टुलावर बसला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, “मावशी, कुणाला बोलणार नसशील तर एक सांगतो. आई माझ्याकडून कपडे घेते. जुलैपासून. दर महिन्याला एक.” आणि बरोबर आणलेला तो तुझा डबा उघडून त्याने बटणांच्या वरून दहा फॉर्म काढले, नीट घडी घातलेले, आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हा खांदा आईशिवाय कुणाचा आहे, सांग ना.” अगं, विसरलेच होते मी! पंधरा वर्षांचा असताना त्याने माझ्या दुकानात पहिला कपडा बेतला तो तुझ्यासाठी. तीच मापं, तोच खांदा. त्याला वाटतं, तू टपालाने फॉर्म पाठवतेस, बाई आणून देतात, कपडा पुन्हा बाईंबरोबर टपालात जातो. वाटणारच! आकाशी अस्तर तुझ्यासाठी होतं. चष्म्याचा खिसा तुझ्यासाठी. मी खरं सांगणार होते. पण तोंडात टाचण्या. टाचण्या एकेक करून काढल्या तोवर तो म्हणाला, “बोलत नाही, नाव लिहीत नाही, पण वर्षभर घेते, मावशी. जूनवाल्यांसारखी नाही.” आणि त्याचा चेहरा असा झाला होता, की सातवी टाचणी काढूनही मी गप्पच बसले.

इथपर्यंत मी सहन केलं. पण जाताना दारात वळून तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, “तू मात्र एकदाही आली नाहीस हं, मावशी.” मी! मी नाही आले! दहा महिने खर्च माझा, धावपळ माझी, बाईंना दर वेळी चहा पाजला मी, आणि लाडकं गिऱ्हाईक कोण, तर जिने पोराला डबा देऊन वाटेला लावलं ती. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं, त्याने तर माझा आणखीच तिळपापड झाला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. मी पेटी उघडते, दहा कपडे बघते आणि बंद करते. एकही माझ्या मापाचा नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच, तुझे कपडे आणि पायांत घोळणारी मी. फरक एवढाच, की या वेळी कात्री लावायला हात होत नाही.

आता मुद्द्याचं. येत्या मंगळवारी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी चार वाजता दोघांनी दुकानात चहा ठेवला आहे. मुद्दाम जून लागायच्या आधी. जे वर्षभर आले त्यांनाच बोलावलं आहे. असे किती, तर सात. घड्याळवाले म्हातारे, रात्रपाळीच्या एक नर्सबाई, दोन बहिणी, एक बासरीवाला, टपालवाल्या बाई. सातवी खुर्ची खिडकीशी मांडून ठेवली आहे, तिच्यावर आकाशी कापडाची गादी शिवून घातली आहे. तुला निमंत्रण आलेलं नाही, कारण तो म्हणतो, आईला कळू द्यायचं नसेल तर आपण कशाला कळलं म्हणून सांगायचं. यायचं असेल तर येईल. पण बाईंच्या कानावर दहा वेळा घातलं आहे, की मंगळवारी चार वाजता. ते तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून. ते पोचलं माझ्यापर्यंत.

मी तुला ये म्हणत नाही. माझं काही मागणं नाही. जे घडलं ते कळवावं, एवढ्यासाठीच लिहिलं. मला तुझा राग आला आहे आणि तो बराच काळ टिकेल असं दिसतं. भावजींना नमस्कार सांग, मोठ्याने सांग. बाकी सर्व ठीक.

तुझी,
धाकटी

ता. क. वर लिहिलं की माझं काही मागणं नाही, त्यावर फारसा विश्वास ठेवू नकोस. पत्राबरोबर पार्सल पाठवते आहे. त्यात आकाशी अस्तराचं जाकीट आहे. बाकीचे नऊ कपडे इथे आहेत, येशील तेव्हा घेऊन जा. मंगळवारी जाकीट घालून ये. भावजींनाही आण, ते तसेही तू म्हणशील तिथे येतात.

ता. क. दुसरा. त्याने काही विचारलं तर कपडे तूच घेतलेस. चष्म्याच्या खिशाचा उपयोग होतो का विचारेल, हो म्हण. कॉलर टोचत नाही ना विचारेल, नाही म्हण. मी एकही घेतला नाही. मी एकदाही आले नाही. हे वाक्य लिहिताना मला काय होतंय ते तू कधी समजणार नाहीस, पण त्याच्यासमोर तू यातला एक शब्द जरी फिरवलास, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

ता. क. तिसरा. जाकीट घट्ट होईल म्हणून यायचं टाळू नकोस. मी सगळे कपडे उसवून पाहिले आहेत. पहिल्या शर्टात शिवणीच्या आत नेहमीसारखं अर्धं बोट कापड सोडलेलं होतं. जाकिटात एक बोट. पुढे वाढत वाढत शेवटच्या कोटात दोन्ही बाजूंना अडीच बोटं. इतकं कापड आत कुणी ठेवत नाही, मला आधी तो अडाणीपणाच वाटला. मग कळलं. चार वर्षांत तू जाड झालीस की वाळलीस, हे त्याला माहीत नाही. त्यामुळे कशीही असलीस तरी कपडा तुझ्यापुरता सैल करता यावा, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. कंबर किती झाली ते मला खरं कळव, एका संध्याकाळचं काम आहे.

ता. क. चौथा. हे आजच घडलं, नाहीतर पाकीट काल चिकटवलं असतं. या महिन्याच्या फॉर्मवर मी पहिल्यांदा माझी स्वतःची मापं भरून पाठवली (हेवा माणसाला धीट करतो). नाव नाही. दुपारी बाई तोच फॉर्म परत घेऊन आल्या. चिंध्याने पाहायच्या आत काजबहाद्दरने तो उचलला होता, आणि मागे लिहिलं होतं: “मावशी, भाजीला जाता-येता दिसता, ही मापं तीन वर्षांपूर्वीची आहेत. नवी घ्यायला स्वतः या. दहाही फॉर्मवर तुमच्या निळ्या खडूचा अंगठा उठलेला आहे. त्याला खांदा दिसला, मला अंगठा दिसला. मी त्याला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.” म्हणजे या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तो गप्प बसून माझ्यासाठी तुझी काजं करत होता. आता याचा हेवा करायची सोयसुद्धा राहिली नाही. उद्या सकाळी मी माप द्यायला जाणार आहे. पायरी नाहीच आहे म्हणे.

ता. क. शेवटचा. तू आली नाहीस तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मला बसवतील, हे मला माहीत आहे. चिंध्या म्हणेल, ये मावशी, तू बस. ताई, तुझं सगळं मी आखूड करून वापरलं, फ्रॉक, कोट, शाळेचं दप्तर, सगळं. ती खुर्ची मला वापरायची नाही. मंगळवारी पावणेतीनची बस पकड. मी थांब्यावर उभी असेन. माझा चष्मा अजून झालेला नाही आणि चार वर्षांत तू किती बदललीस कुणास ठाऊक, पण मी तुला लांबून ओळखीन, खांद्यावरून.